पॉड साडेपाच ग्रॅमचा आणि मग पाव लिटरचा

*घरात आम्ही दोघंच. मी सकाळी साडेसहाला एक छोटा कप काळी कॉफी घेते आणि कामावर निघते. नवरा घरूनच काम करतो. त्याला दिवसाला चार मोठे मग लागतात, तेही दुधाचे. सध्या दोघांचं इन्स्टंटवर भागतंय. आता त्याच्या मनात पॉडचं, म्हणजे एका कपापुरती पूड भरलेल्या बंद पुडीचं, मशीन भरलंय. बटण दाबलं की कॉफी, भांडी नाहीत, पसारा नाही, असं तो म्हणतो. मला मात्र पॉडच्या खर्चाची आणि कचऱ्याची धास्ती वाटते. पॉड पुन्हा भरून वापरता येतात असंही ऐकलंय. मशीन घ्यावं का? घ्यायचं तर कोणत्या प्रकारचं?*

गंमत अशी आहे की मशीन हवंय यजमानांना आणि मानवेल ते तुम्हाला. सकाळच्या घाईत एकच छोटी, काळी, दाट कॉफी पिणाऱ्या माणसाला छोट्या कॅप्सूलचं (कॅप्सूल म्हणजे कडक कवचाचा पॉड) मशीन अगदी चपखल बसतं. दिवसभर दुधाचे मोठे मग रिचवणाऱ्याने त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. कारण साधं आहे: पॉडमध्ये कॉफीची पूड किती ग्रॅम असते, इकडे मशीन घेताना कुणाचं लक्षच जात नाही. लक्ष जातं ते रंग, बटणं आणि खोक्यावरच्या '१९ बार'कडे.

त्या बारचं आधी उरकून टाकू. बार म्हणजे दाब मोजायचं एकक. १५ किंवा १९ बार ही पंपाची कमाल ताकद असते, पुडीवर पडणारा दाब नव्हे. नेहमीच्या एस्प्रेसोला, म्हणजे दाबाने काढलेल्या छोट्या दाट कॉफीला, साधारण ९ बार दाब पुरतो. १५चं मशीन १९च्या मशीनपेक्षा हलकं, असं काही नसतं. हा आकडा पाहून जास्त पैसे मोजू नका.

आता ग्रॅमचं बघू. नेस्प्रेसो या कंपनीच्या मूळ छोट्या कॅप्सूलमध्ये, आणि तिच्यासारख्या इतर कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये, पाच ते सहा ग्रॅम पूड असते. भाजलेल्या कॉफीतला साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे १८ ते २२ टक्के, पाण्यात उतरला की चव जमते. साडेपाच ग्रॅममधून असा जेमतेम १.१ ग्रॅम ऐवज निघतो. ४० मिलीच्या कपात तो पावणेतीन टक्के भरतो. कॉफी दाट, तोंडात राहणारी लागते. तोच ११० मिलीत एक टक्क्यावर येतो, म्हणजे गाळून केलेल्या साध्या कॉफीपेक्षाही (ती १.२ ते १.४ टक्के असते) पातळ. आणि दूध घालून २२० मिलीचा मग भरला की उरतो अर्धा टक्का. त्याला कॉफीचा वास असलेलं दूध म्हणावं लागेल.

मग लोक काय करतात, त्याच पॉडवर दुसऱ्यांदा बटण दाबतात. हे करू नये. चांगलं जे काही असतं ते पहिल्या ४० मिलीत उतरून गेलेलं असतं. दुसऱ्या खेपेला येतो तो चोथ्यातला कडवट, लाकडासारखा लागणारा अर्क. कॉफी मोठी हवी असेल तर एका पॉडची छोटी कॉफी काढून वरून गरम पाणी घालावं. चव पातळ होते, पण कडू होत नाही.

यजमानांच्या मगाला म्हणूनच दोन पॉड लागतील. चार मगांचे आठ, वर्षाचे २,९२० पॉड. तुमचा एक कप म्हणजे वर्षाचे ३६५. दोघांच्या गरजेत आठपटीचा फरक आहे, म्हणून एकाच मशीनने दोघांचं भागवायचा बेत आम्हाला पटत नाही.

खर्च काढताना पॉडच्या किमतीवर जाऊ नका, किलोच्या भावावर जा. पॉडची किंमत गुणिले हजार, भागिले आतले ग्रॅम. साडेपाच ग्रॅमचा पॉड असेल तर एका किलोत सुमारे १८२ पॉड होतात. तेवढ्या पॉडची किंमत आणि चांगल्या दळलेल्या कॉफीच्या एका किलोची किंमत शेजारीशेजारी लिहून पाहा. हा आकडा सहसा डोळे पांढरे करणारा असतो. तुमच्या वाट्याला वर्षाला जेमतेम दोन किलो पूड येते, त्यामुळे चढा भाव तुम्ही सोयीची किंमत म्हणून सोसू शकता. यजमानांच्या वाट्याला सोळा किलो येते. खोक्यावर ग्रॅम छापलेले नसतील तर एकूण निव्वळ वजनाला पॉडच्या संख्येने भागा.

मशीन हे एकदाचं देणं, पॉड कायमचं. त्यामुळे मशीन निवडणं म्हणजे खरं तर पॉडचा साचा निवडणं, आणि एकाचा पॉड दुसऱ्यात बसत नाही. नेस्प्रेसोची कल्पना एरिक फाव्र या अभियंत्याची. पेटंटची नोंद १९७६ची आणि बाजारात आगमन १९८६चं. ती पेटंटं आता संपली आहेत, म्हणून मूळ साच्याची कॅप्सूल पुष्कळ कंपन्या बनवतात आणि भावात स्पर्धा असते. याच कंपनीच्या २०१४ साली आलेल्या व्हर्चुओची तऱ्हा वेगळी. तिच्यात पंपाच्या दाबाऐवजी कॅप्सूल मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत गरगर फिरते आणि कडेवरचा बारकोड वाचून मशीन पाणी किती सोडायचं ते ठरवतं. मोठ्या मगाच्या कॅप्सूलमध्ये दहा ग्रॅमच्या वर पूड असते, तेव्हा मगवाल्यांना ती जवळची वाटते. पण बारकोडमुळे तुम्ही बरेचसे कंपनीच्या दावणीला बांधले जाता. वर दिसणारा जाड फेस मुख्यतः त्या फिरण्याचा असतो, त्यावरून कॉफीचा जोर ओळखू नका.

केयुरिग या कंपनीचा के-कप मोठ्या मगासाठीच आहे. नऊ ते बारा ग्रॅम पूड, आत कागदी गाळणी, दाब जवळपास नाहीच. म्हणजे एका मगापुरती गाळलेली कॉफी. काळी पिणाऱ्याला ठीक, दुधात मात्र तीही पातळ पडते. याच कंपनीने २०१४ साली असं मॉडेल आणलं होतं की झाकणावरची विशिष्ट शाई दिसली नाही तर मशीन कॉफीच करत नसे. ग्राहक इतके भडकले की पुढच्याच वर्षी कंपनीला नमतं घ्यावं लागलं. बंद साचा म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

डोल्चे गुस्तो नावाच्या मशीनमध्ये दुधाच्या बऱ्याच प्रकारांना दोन कॅप्सूल लागतात, एक कॉफीची आणि एक दूध पावडरची. घरात ताजं दूध असताना पावडरीला कॅप्सूलचे पैसे का द्यायचे, हे आम्हाला उमगलेलं नाही.

राहिले कागदी पॉड. सेन्सेओचे मऊ, चपटे, सुमारे सात ग्रॅमचे; कमी दाबाची सौम्य कॉफी. आणि ई.एस.ई. या खुल्या मानकाचे ४४ मिलीमीटर व्यासाचे, घट्ट दाबलेले, सात ग्रॅमचे. हे दुसरे कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाहीत, बऱ्याच एस्प्रेसो मशीनमध्ये त्यांची जाळी बसते आणि मागे उरतो तो कागद आणि चोथा. तुमच्याकडे ते नियमित मिळत असतील तर कचऱ्याची धास्ती असलेल्या माणसाला आम्ही हेच सुचवू. फक्त अशी मशीन तापायला बरेचदा काही मिनिटं घेतात, तर छोट्या कॅप्सूलचं मशीन अर्ध्या मिनिटात तयार होतं. साडेसहाला घर सोडणाऱ्याला हा फरक जाणवतो.

पॉड पुन्हा भरता येतात का? येतात. मात्र जी सोय म्हणून मशीन घ्यायचं, ती त्यात बरीचशी जाते. मूळ छोट्या साच्यासाठी स्टीलची, झाकण आणि सिलिकॉनची कडी असलेली कॅप्सूल मिळते. तिची रीत अशी. एस्प्रेसोसाठी दळतात त्याच्यापेक्षा किंचित जाड पूड घ्या. दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाच ते साडेपाच ग्रॅम मोजा. भरताना कॅप्सूल टेबलावर दोनदा हलकेच आपटा, पृष्ठभाग सपाट करा, सोबत आलेल्या दट्ट्याने जेमतेम दाबा. पूड काठापासून एक मिलीमीटर खाली राहिली पाहिजे. मग काठ कोरड्या बोटाने पुसा. ही पायरी लोक गाळतात, आणि निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात: काठावर पुडीचे चार कण राहिले की कडी नीट बसत नाही, पाणी पुडीतून जायच्या ऐवजी बाजूने पळतं आणि कपात गढूळ पाणी येतं.

कॅप्सूल घालण्याआधी एकदा नुसतं गरम पाणी कपात काढा. स्टील बरीच उष्णता शोषून घेतं, त्यामुळे थंड कॅप्सूलमधली कॉफी कोमट येते. नंतर घड्याळ लावा. ४० मिली कॉफी वीस ते तीस सेकंदांत यावी. दहा सेकंदांत भळकन आली तर पूड जाड आहे किंवा कमी आहे. थेंब थेंब येत असेल आणि पंपाचा आवाज बदलला असेल तर पूड फार बारीक झाली किंवा जास्त दाबली गेली. लगेच थांबवा, जोर लावून पंप चालवू नका. कॉफी झाली की कॅप्सूल तत्काळ काढा, आत बंद ठेवू नका. जाड काठाची कॅप्सूल अडकून बसते आणि मशीनच्या आतल्या रबराला इजा करते. त्या नुकसानीला वॉरंटी लागू होईलच असं नाही, कार्ड आधी वाचून घ्या.

वापरलेली अ‍ॅल्युमिनियमची कॅप्सूल धुऊन, नवी चिकट पन्नी लावून भरणारेही आहेत. तिला आधीच भोकं पडलेली असतात आणि काठ दबलेला असतो. एक-दोनदा निभतं, पुढे गळती सुरू होते. व्हर्चुओच्या बाबतीत तर या फंदात पडूच नका. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या कॅप्सूलची पन्नी सुटली तर चोथा मशीनभर होतो. के-कपची जाळीची कॅप्सूल मात्र खरोखर सोपी आहे. दाब नसल्यामुळे घट्ट बसवण्याची कटकट नाही, मध्यम दळाची पूड भरायची आणि झाकण लावायचं.

कचऱ्याबद्दल तुमची धास्ती खरी आहे, पण अर्धीच. कॅनडातल्या क्यूबेक विद्यापीठाच्या शिकुतिमी शाखेतील संशोधकांनी २०२३ साली २८० मिली कॉफीमागच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मांडला. त्यात सर्वांत वर निघाली ती गाळून केलेली कॉफी, कारण तिला २५ ग्रॅम पूड धरली होती आणि कॅप्सूलला १४. कॉफी पिकवण्याचाच बोजा एवढा असतो की वाया गेलेली पूड आणि ओतून दिलेला अर्धा जग वेष्टनापेक्षा महाग पडतो. म्हणून मोजून एकच कप करणाऱ्याने कॅप्सूलला तितकं बदनाम करू नये. पण सोयीमुळे दोनाचे चार कप होत असतील तर हे गणित फिरतं.

आणि चुरगळलेली पन्नी, ओला चोथा, सुमारे एक ग्रॅमचं अ‍ॅल्युमिनियम हे सगळं एकत्र असलेली वस्तू आपोआप पुनर्वापराला जात नाही. छोटे तुकडे छाननीच्या यंत्रांतून निसटतात. अ‍ॅल्युमिनियम नव्याने बनवण्यापेक्षा वितळवून वापरल्याने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, पण ते गोळा झालं तर. तेव्हा विकत घेण्यापूर्वी कंपनी वापरलेल्या कॅप्सूल परत घेते का, तुमच्या भागात घेते का, आणि त्या कुठे नेऊन द्यायच्या, एवढं विचारा. नसेल घेत तर पन्नी फाडून चोथा कुंडीत किंवा खतात, धातू धुऊन वेगळा. दिवसाची एक कॅप्सूल असेल तर हे होतं, आठ असतील तर चौथ्या दिवशी सगळं कचऱ्याच्या डब्यात जातं. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पॉडना बरेचदा साठ अंशांच्या आसपास तापमान राखणारा मोठा खतप्रकल्प लागतो. घरच्या कुंडीत ते महिनोन्‌महिने तसेच राहू शकतात. वेष्टनावर 'घरगुती कंपोस्ट' असं स्पष्ट लिहिलंय का ते पाहा. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने २०१६ साली सरकारी खर्चाने अशा कॅप्सूल घेणंच बंद केलं, ते याच वेष्टनांच्या त्रासामुळे.

'भांडी नाहीत, पसारा नाही' हेही पूर्ण खरं नाही. वापरलेल्या कॅप्सूल ज्या खणात पडतात तिथे पाणी साचतं आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तो खण आणि खालची तबकडी रोज रिकामी करून विसळावी लागते. टाकीतलं पाणीही रोज बदलावं. पाणी जड असेल तर आतल्या बारीक नळीत क्षार साचतात: कप अर्धाच भरतो, कॉफी कोमट येते, पंप घरघरतो. साधारण तीन महिन्यांनी किंवा ३०० पॉडनंतर, जे आधी येईल तेव्हा, क्षार काढावेत. वॉरंटीत असेपर्यंत कंपनीने सांगितलेलंच द्रावण वापरा. पुढे सायट्रिक अ‍ॅसिड चालतं, एका लिटर पाण्याला वीस ग्रॅम. जास्त घातलं म्हणजे जास्त साफ होतं असं नाही. दाट, गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचे कण बनून तेच नळीत अडकतात. व्हिनेगर नको, वास रबरात मुरतो. शेवटी दोन टाक्या साधं पाणी फिरवा.

कप अचानक अर्धा भरू लागला तर लगेच क्षारांवर खापर फोडू नका. बऱ्याच मशीनमध्ये बटण दाबून धरलं की पाण्याचं प्रमाण नव्याने साठवलं जातं, आणि घाईत कुणीतरी नकळत ते बदललेलं असतं. पुस्तिकेत मूळ प्रमाण परत आणायची रीत दिलेली असते. टाकी रिकामी असताना बटण दाबलं गेलं तर पंपात हवा अडकते; मोठा आवाज येतो, पाणी येत नाही. टाकी भरून नीट बसवा आणि कॅप्सूल न घालता मोठ्या कपाचं बटण दोन-तीनदा दाबा. तरी नाही आलं तर मशीन बंद करा, टाकी काढा आणि ती जिथे बसते त्या छिद्रात सुई नसलेल्या सिरिंजने थोडं पाणी भरून पुन्हा चालू करा. के-कपच्या मशीनमध्ये बहुधा सुई तुंबलेली असते; प्लग काढून सरळ केलेल्या यूपिनने चोथा उकरून काढा. सुया दोन असतात, वर एक आणि खाली एक, आणि दोन्ही धारदार.

या मशीनचं एक मात्र निखालस चांगलं. बंद अ‍ॅल्युमिनियममध्ये पुडीला हवा लागत नाही, त्यामुळे कित्येक महिन्यांनंतरही पॉड पहिल्या दिवसासारखा लागतो. दळलेल्या कॉफीचं पाकीट फोडलं की काही दिवसांतच तिचा वास उतरू लागतो. दिवसाला एकच कप पिणाऱ्याचं पाकीट संपेस्तोवर शिळं झालेलं असतं. तुमचा एकटीचा विचार केला तर पॉडच्या बाजूने आम्हाला हे कारण सोयीइतकंच वजनदार वाटतं.

तेव्हा तुमच्यासाठी: मूळ छोट्या साच्याचं, सगळ्यांत साधं, दोन बटणांचं, दुधाची जोडणी नसलेलं मशीन. दुधाची सोय असलेल्या मॉडेलमध्ये दुधाची नळी रोज धुवावी लागते, आणि तुम्ही दूध घालतच नाही. घेण्यापूर्वी तुमचा रोजचा कप मशीनच्या नळाखाली बसतो का पाहा. कॉफी ४० मिलीच असल्यामुळे थंड, जाड कपात ती लगेच निवते. आधी गरम पाणी कपात काढून ते ओतून द्या.

यजमानांसाठी मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या जोराने कॉफी काढायचं भांडं. तीन कपांच्या मोका पॉटमध्ये साधारण १५ ते १७ ग्रॅम पूड बसते आणि १३० ते १५० मिली दाट कॉफी निघते. दूध घातलं की दोन मग सहज होतात. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेलं पाणी झडपेच्या खालपर्यंत भरा. पूड सपाट करा, पण दाबू नका. भांडं फडक्याने धरून घट्ट पिळा आणि मंद आचेवर ठेवा. वर फुसफुस सुरू झाली की लगेच उतरवा. उशीर झाला तर कॉफी जळकट लागते. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. भांडं अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर थंड झाल्यावर नुसत्या पाण्याने धुऊन कोरडं ठेवा, डिशवॉशरमध्ये घालू नका, काळं पडतं. वाफ जोडातून निसटायला लागली की रबरी कडी बदलायची वेळ झाली, आणि ती कडी घेताना भांडं किती कपांचं आहे ते सांगायला हवं.